बोटांना कळणारी छपाई : लेटरप्रेस शुभेच्छापत्रे आणि त्यांची बाजारपेठ

न्यू यॉर्कच्या जॅव्हिट्स सेंटर या विस्तीर्ण प्रदर्शनगृहात मे महिन्यात भरणारा नॅशनल स्टेशनरी शो अनेक वर्षे अमेरिकेतील कागदी वस्तूंच्या घाऊक व्यापाराचा मुख्य मेळावा होता, आणि व्यवसाय म्हणून जवळजवळ संपलेल्या लेटरप्रेस छपाईला शुभेच्छापत्रांच्या रूपाने जे दुसरे आयुष्य लाभले, त्याची वाढ मोठ्या प्रमाणात याच मेळाव्यातील लहान लहान गाळ्यांमधून झाली. पुस्तकांच्या व भेटवस्तूंच्या दुकानांचे खरेदीदार तेथे नवा माल शोधत फिरत. लेटरप्रेसच्या गाळ्यापाशी ते कार्ड हातात घेत, उजेडाकडे तिरपे धरत आणि अक्षरांच्या खोबणीवरून बोट फिरवत. छायाचित्रात किंवा छापील सूचीत हा माल नीट कळत नाही, म्हणून अशा प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व या धंद्यात इतरांपेक्षा जास्त राहिले.

लेटरप्रेस म्हणजे उंचवट्यावरची छपाई होय. उलट्या अक्षराचा किंवा चित्राचा उंच भाग शाईच्या रुळाखाली येतो, खोलगट भाग कोरडा राहतो, आणि कागद त्या उंचवट्यावर दाबला की सुलट ठसा उमटतो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गने धातूच्या सुट्या खिळ्यांनी याच तत्त्वावर पुस्तक छापले, आणि 1556 मध्ये गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला तोही याच पद्धतीचा होता. गंमत अशी की व्यापारी शुभेच्छापत्राचा जन्म मात्र लेटरप्रेसवर झाला नाही. 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून काढून घेतलेले नाताळचे कार्ड शिळाछापावर छापून हाताने रंगवले होते, आणि बोस्टनच्या लुई प्रँग यांनी 1870 च्या दशकात अमेरिकेत कार्डांची प्रथा रुजवली तीही बहुरंगी शिळाछापाच्या बळावर. अमेरिकेतील ग्रीटिंग कार्ड व्यवसायाचे ‘लुई’ पुरस्कार याच प्रँग यांच्या नावाने दिले जातात. त्यामुळे आजचे लेटरप्रेस कार्ड हे जुन्या कार्डांचे पुनरुज्जीवन ठरत नाही. जुन्या यंत्राला दिलेले ते एक नवे काम आहे.

ही यंत्रे प्रामुख्याने तीन कुळांतली आहेत. क्लीव्हलँडच्या चँडलर अँड प्राइस या 1881 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची यंत्रे शिंपल्यासारखी उघडतात व मिटतात. उभ्या पाटावर जुळवलेला मजकूर घट्ट बसवलेला असतो आणि छापणारा प्रत्येक उघडझापीत एका हाताने कोरा कागद ठेवतो, दुसऱ्याने छापलेला काढून घेतो. जर्मनीचे हायडेलबर्ग टीगल यंत्र हेच काम स्वतः करते. पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरणारे त्याचे दोन हात कागद उचलतात, चिमटीत धरतात आणि छापून झाल्यावर गठ्ठ्यावर नेऊन ठेवतात, म्हणून अमेरिकेतील छपाईवाले त्याला पवनचक्कीच म्हणतात. तिसरे कुळ शिकागोच्या व्हँडरकुक यंत्रांचे. सपाट पाटावरून दंडगोल फिरवून छापणारी ही यंत्रे मुळात प्रत्यक्ष छपाईपूर्वी चुका तपासण्यासाठी काढायच्या मुद्रितांसाठी, म्हणजे प्रुफांसाठी, बनवली गेली, आणि त्यामुळेच त्यांची अचूकता विलक्षण आहे. ऑफसेटने, म्हणजे सपाट पत्र्यावरची प्रतिमा रबराच्या आवरणावर घेऊन कागदावर उतरवणाऱ्या पद्धतीने, ही तिन्ही कुळे मुख्य बाजारातून हटवली आणि शेकडो किलो वजनाची यंत्रे भंगाराच्या भावाने विकली जाऊ लागली. कलाशाळांतील तरुणांना आणि हौशी मुद्रकांना ती परवडली ती त्या पडत्या काळातच.

नव्या लेटरप्रेसचे खरे वैशिष्ट्य त्याच्या ठशात आहे, आणि जुन्या मुद्रकांच्या दृष्टीने तोच त्याचा दोष होता. कसलेला छपाईवाला खिळा कागदाला जेमतेम टेकेल इतकाच दाब देई, कारण मागच्या पानावर उठलेले वळ हे अडाणी कामाचे लक्षण मानले जाई आणि जास्त दाबाने शिशाचे महागडे खिळे लवकर झिजत. 1990 च्या दशकात मार्था स्टुअर्ट यांच्या विवाहविषयक नियतकालिकासारख्या प्रकाशनांनी खोल ठशाच्या निमंत्रणपत्रिका वाचकांसमोर आणल्या आणि ग्राहक नेमका तोच ठसा मागू लागले. जुन्या परंपरेत वाढलेल्या अनेक मुद्रकांना हे रुचले नाही, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. तरीही या बदलामागे एक सरळ कारण दिसते. सपाट आणि निर्दोष छपाई ऑफसेट व संगणकाचे छपाईयंत्र स्वस्तात देऊ लागल्यावर लेटरप्रेसपाशी एकच गोष्ट अशी उरली जी इतरांना जमत नव्हती, आणि ती म्हणजे दाब. जे यंत्र वाचकाच्या डोळ्यांसाठी बनले होते ते हातांसाठी छापू लागले. यंत्र टिकले ते त्यामुळेच.

हा खोल ठसा दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली म्हणजे फोटोपॉलिमरचा पत्रा. संगणकावर केलेल्या रेखाटनाची काळी-पारदर्शक फिल्म काढून ती प्रकाशाला संवेदनशील असलेल्या प्लॅस्टिकच्या थरावर ठेवतात आणि तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश लागलेला भाग कडक होतो, उरलेला भाग पाण्याने धुऊन निघतो आणि उंचवट्याचा पत्रा हाती येतो. हा पातळ पत्रा ॲल्युमिनियमच्या पायावर चिकटवला की तो खिळ्याच्या प्रमाण उंचीला, म्हणजे अमेरिकेत 0.918 इंचाला, येतो. झिजला तर नवा करता येत असल्याने त्यावर हवा तेवढा दाब देता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे कागद. लाकडाच्या लगद्याचा कडक, गुळगुळीत कागद दाबाला विरोध करतो, तर कापसाच्या तंतूंचा जाड, मऊ, खळ कमी असलेला कागद ठसा सामावून घेतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन येथील क्रेन हा कागद कारखाना 1801 पासून चालत आला असून अमेरिकेच्या चलनी नोटांचा कागदही तोच पुरवत आला आहे. त्याने लेटरप्रेससाठी म्हणून काढलेला ‘लेट्रा’ हा कापसाचा कागद या व्यवसायात जवळजवळ प्रमाण ठरला. प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा आणि वेगळी फेरी लागते, दुसरा रंग पहिल्याशी केसभरही न हलता जुळावा लागतो, आणि म्हणून बहुतेक कार्डे एक-दोन रंगांची असतात. त्यांतला मोकळा पांढरा कागद हा काटकसरीतून आलेला गुण आहे, आणि तो डोळ्यांना सुखावतो हे मान्य करावे लागते.

घाऊक मेळाव्यात किरकोळ विक्री नसते. दुकानदार नमुने पाहून मागणी नोंदवतो. एका नमुन्याची कार्डे साधारणतः सहाच्या संचात घ्यावी लागतात, पहिल्या मागणीला किमान रक्कम ठरलेली असते, आणि घाऊक भाव सहसा किरकोळ किमतीच्या निम्मा असतो. गाळ्याचे भाडे, प्रवास आणि मांडणी यांचा खर्च दोन-तीन माणसांच्या छापखान्याला जड जातो. पण त्या काही दिवसांतच दूरच्या शहरांतील दुकानांशी त्याचे नाते जुळते आणि पुढची कित्येक वर्षे फेरमागणी येत राहते. पुढे नॅशनल स्टेशनरी शो न्यू यॉर्क नाऊ या मोठ्या प्रदर्शनात विलीन झाला आणि ग्रीटिंग कार्ड असोसिएशनने ‘नोटेड’ हे स्वतःचे प्रदर्शन सुरू केले, तरी व्यवहाराची रीत फारशी बदललेली नाही.

मराठी वाचकाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रातील गावोगावच्या छापखान्यांत लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हस्तपत्रके छापणारी ट्रेडल मशीन चँडलर अँड प्राइसच्याच जातीची होती. माथ्यावर गणपतीचा ब्लॉक, खाली जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून रचलेला मजकूर, आणि काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे यांमुळे इंग्रजीच्या अनेक पटींनी खाने असलेल्या केसेस, असा तो सारा संसार होता. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जी सुबकता दिली ती आजही आदर्श मानली जाते. मुंबईत जन्मलेले संशोधक शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रात मोलाची सुधारणा केली, आणि त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे न्यू यॉर्कमध्येच गेली. संगणकावरील अक्षरजुळणी आल्यावर हे छापखाने झपाट्याने बंद झाले. यंत्रे लोखंडाच्या आणि खिळे शिशाच्या भावाने वितळायला गेले.

अमेरिकेतील पुनरुज्जीवनातही एक उणीव आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. फोटोपॉलिमरने यंत्र वाचवले, जुळाऱ्याची विद्या वाचवली नाही. प्रदर्शनात दिसणाऱ्या बऱ्याचशा कार्डांवर एकही सुटा खिळा वापरलेला नसतो. विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स येथील हॅमिल्टन संग्रहालयासारख्या संस्था लाकडी खिळे जपतात आणि त्यांवर प्रत्यक्ष छापायला शिकवतात, म्हणून तेथे ती विद्या काही अंशी तरी उरली आहे. देवनागरीसाठी एवढा आधारही सहज सापडत नाही. नव्या पत्र्यावर मराठी अक्षर केव्हाही छापता येईल, परंतु हाताने देवनागरी जुळवणारी शेवटची पिढी आज वृद्ध झाली आहे. ज्यांच्या घराच्या मागच्या खोलीत ट्रेडल किंवा खिळ्यांच्या केसेस पडून असतील त्यांनी त्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी जवळच्या कलामहाविद्यालयाला किंवा मुद्रणशाळेला एकदा विचारावे, आणि जुळाऱ्याचे काम केलेला माणूस ओळखीत असेल तर त्याच्याकडून केसेसची मांडणी लिहून घ्यावी.