१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही १४२८५६ नंतरची आणि १४२८५८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. दशमान पद्धतीतील चक्रीय संख्यांमध्ये ती सर्वांत परिचित आहे.

चक्रीय गुणधर्म

१/७ या अपूर्णांकाचे दशांश रूप ०.१४२८५७१४२८५७… असे आवर्ती आहे. १ ला ७ ने भागत गेल्यास अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ बाकी उरते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. ७ ने भागताना शून्याखेरीज एवढ्या सहाच बाक्या संभवतात. म्हणून २/७ ते ६/७ या अपूर्णांकांतही तेच अंक त्याच क्रमाने येतात. केवळ आरंभीचा अंक बदलतो. परिणामी:

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

७ ने गुणल्यास मात्र गुणाकार ९९९९९९ येतो.

वर्गीकरण

विषम संयुक्त संख्या: १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२.

न्यून संख्या: ती संख्या वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ११२५०३, म्हणजे मूळ संख्येपेक्षा कमी आहे.

हर्षद संख्या: अंकांची बेरीज २७ असून १४२८५७ ÷ २७ = ५२९१; बाकी उरत नाही.

कापरेकर संख्या: १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे दोन भाग करून बेरीज केल्यास २०४०८ + १२२४४९ = १४२८५७ ही मूळ संख्याच मिळते.

शेवटचे दोन्ही प्रकार नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मांडले. ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी.