दीर्घ सेवेचा गौरव : अंधांच्या स्वावलंबनासाठी झटणारे हात

सणासुदीला अंधशाळेत मिठाई घेऊन जाणारे हात पुष्कळ असतात. अंध मुलाच्या बोटांना अक्षरांची ओळख व्हावी म्हणून वर्षानुवर्षे राबणारे हात मात्र थोडे असतात आणि ते सहसा छायाचित्रांत दिसत नाहीत. ब्रेल शिकविणारे शिक्षक, पांढऱ्या काठीच्या साह्याने रस्ता ओलांडण्याचे शिक्षण देणारे प्रशिक्षक, पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे स्वयंसेवक, परीक्षेत उत्तरे उतरवून घेणारे लेखनिक आणि अंधांना काम मिळावे म्हणून कारखान्यांचे उंबरठे झिजविणारे कार्यकर्ते यांच्या अशा सेवेचे फळ दिसावयास बराच काळ जावा लागतो. म्हणूनच या क्षेत्रात प्रदीर्घ सेवेच्या गौरवाला विशेष अर्थ आहे.

शंभर वर्षांनी मिळालेला मान

हा गौरव किती उशिरा होऊ शकतो, हे लुई ब्रेल यांच्या चरित्रावरून कळते. फ्रान्समधील कुव्रे या गावी १८०९ साली जन्मलेल्या ब्रेल यांच्या डोळ्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातील आरीने इजा झाली आणि पुढे त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पॅरिसच्या अंधशाळेत ते आधी विद्यार्थी होते. पुढे तेथेच शिक्षक झाले. सहा टिंबांवर आधारलेली त्यांची लिपी १८२९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु डोळस माणसांना वाचता न येणारी ही लिपी स्वीकारण्यास शाळाचालक दीर्घकाळ राजी नव्हते. १८५२ साली ब्रेल क्षयाने निवर्तले आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली. १९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, त्यांचे अवशेष सन्मानपूर्वक पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यात आले. त्यांचे हात मात्र कुव्रे येथेच जतन करण्यात आले. भारत सरकारनेही त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २००९ साली दोन रुपयांचे स्मारक नाणे काढले.

एकोणपन्नास वर्षांची सोबत

दीर्घ सेवेचे दुसरे उदाहरण ॲन सुलिव्हन यांचे. त्यांची स्वतःची दृष्टी अधू होती. ३ मार्च १८८७ रोजी त्या अमेरिकेतील अलाबामा राज्यात सहा वर्षांच्या हेलन केलर यांच्या शिक्षिका म्हणून आल्या. अंध आणि बधिर असलेल्या या मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे रेखून त्यांनी तिला भाषा दिली. पुढे महाविद्यालयातील व्याख्यानेही त्यांनी अशाच रीतीने तिच्यापर्यंत पोहोचविली. १९०४ साली केलर पदवीधर झाल्या. १९३६ साली सुलिव्हन यांचे निधन झाले, तेव्हा ही सोबत एकोणपन्नास वर्षांची झाली होती.

केलर यांनी पुढे आपले आयुष्य अंधांच्या प्रश्नांना वाहिले. त्या कार्यासाठी १९५५ साली त्या भारतातही येऊन गेल्या आणि १९६४ साली अमेरिकेने 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' देऊन त्यांना गौरविले. एका शिक्षिकेच्या चिकाटीतून जगभरच्या अंधांची बाजू मांडणारा आवाज कसा तयार होतो, हे येथे दिसते.

भारतातील पायाभरणी

आपल्या देशातील पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प यांनी काढली. १९०० साली मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे शाळा सुरू केली. दादरची ही शाळा आज श्रीमती कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाते. संस्थेला सेवाव्रती व्यक्तीचे नाव देणे, हाही गौरवाचा एक प्रकारच होय.

पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी यांना अंधसेवेबद्दल १९३५ साली 'सर' ही पदवी मिळाली होती. सन्मानानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९४३ साली त्यांनी डेहराडून येथे युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभारले. त्या काळी भारतात अनेक ब्रेल पद्धती प्रचलित असल्याने एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतात उपयोगी पडत नसे. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या प्रयत्नांत मॅकेन्झी यांचा मोठा वाटा होता आणि १९५१ साली भारती ब्रेल निश्चित झाली. मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' आता अंध वाचकाच्या बोटाला सारखाच लागतो. स्वतः दृष्टिहीन असलेले लाल अडवाणी यांनी १९४७ पासून केंद्रीय शिक्षण मंत्रालयात राहून अंधांच्या शिक्षणाची व पुनर्वसनाची घडी बसविण्याचे काम केले. बालपणीच दृष्टी गेलेले अहमदाबादचे जगदीश पटेल यांना अंधजनांच्या शिक्षण व रोजगाराच्या कार्याबद्दल १९९१ साली 'पद्मश्री' मिळाली.

गौरवाची कसोटी

या नामावलीत डोळस सेवकांच्या बरोबरीने अंध कार्यकर्ते आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या सेवेमुळे अंध व्यक्ती शिकते, कमावते आणि पुढे स्वतः इतरांचा आधार होते, ती सेवा श्रेष्ठ होय. किती वर्षे काम केले, याबरोबरच त्या कामातून किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले आणि कार्यकर्त्यामागे ते काम चालू राहिले काय, हेही पाहणे अगत्याचे आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या असून, त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. परंतु ब्रेल वाचावयास, संगणक हाताळावयास आणि एकट्याने प्रवास करावयास शिकविणारे कोणी नसेल, तर त्या जागेपर्यंत उमेदवार पोहोचणार कसा? कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्ष जीवन यांमधला पूल अशा कार्यकर्त्यांनीच बांधावयाचा असतो.

३ डिसेंबर या आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनाच्या निमित्ताने केंद्र शासनातर्फे दिव्यांग व्यक्तींना, तसेच त्यांच्यासाठी झटणाऱ्या व्यक्तींना व संस्थांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. पद्म पुरस्कारांसाठी तर सर्वसामान्य नागरिकालाही योग्य व्यक्तीचे नाव सुचविता येते. आपल्या गावात वा तालुक्यात निरलसपणे अंधसेवा करणाऱ्या व्यक्तीच्या कार्याची माहिती शाळा, ग्रामपंचायत आणि स्थानिक संस्थांनी वेळीच नोंदवून पुढे पाठविली, तर ब्रेल यांच्या वाट्याला आलेली शंभर वर्षांची प्रतीक्षा कोणाला करावी लागणार नाही. असा वेळेवर झालेला गौरव पाहून एखाद्या तरुणाला या कार्याची ओढ लागली, तर अंधांच्या सेवेची ही परंपरा पुढेही अखंड चालू राहील.