मुक्कामी गाडी

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदी पात्र सोडून परंडा तालुक्यात घुसली. अवर्षणाचा म्हणून ओळखला जाणारा धाराशिव जिल्हा, आणि तिथे माणसं वाचवायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. पुढे थोड्याच दिवसांत पुण्यातल्या एका महाविद्यालयात बोलायला गेले, तर तिथली मुलं नुकतीच मदत पोचवून आलेली. पहाटे गाड्या निघाल्या, दुपारी किट वाटले, रात्री सगळे आपापल्या घरी. कुठल्या गावाला गेला होतात, असं विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. "धाराशिव साइडला, मॅडम," एक जण म्हणाला. कुणाच्या घरी चहा तरी घेतलात का? नाही, वेळच नव्हता. गाव राहू द्या, तालुकाही कुणाला नीट सांगता येईना. प्रत्येकाच्या नावापुढे सेवेचे तास मात्र लागले होते, कारण नव्या शैक्षणिक धोरणात या कामाला श्रेयांक आहेत.

मुलं गुणी होती. खिशातले पैसे घालून आली होती, चिखलात उतरली होती. राग आला तो त्यांना मुक्काम करू न देणाऱ्या मोठ्यांचा. जबाबदारी नको, पालकांच्या तक्रारी नकोत, अहवालापुरते फोटो मिळाले की झालं. तेव्हापासून मला माझं शिकतं वय आणि तेव्हाचं उस्मानाबाद सारखं आठवतं आहे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. मी तिच्यात आले तोवर तिला दोन तपं होत आली होती आणि बऱ्याच महाविद्यालयांत ती सवयीने चालत होती. झाडं लावा, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावा. हिवाळ्यात दत्तक गावात शिबिर, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणुकीचे कार्यक्रम. त्या दिवसांबद्दल यापेक्षा जास्त लिहावं असं काही नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसं गेली. साऱ्या जगाने किल्लारीचं नाव ऐकलं. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं आणि आता लोहारा तालुक्यात मोडणारं सास्तूर फार थोड्यांच्या कानावर गेलं. पत्रकारांच्या गाड्या किल्लारीला थांबत आणि तिथूनच परत फिरत. ही सल त्या भागातल्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही, माझ्याही नाही.

आम्ही सेवा योजनेतले विद्यार्थी पुण्याहून सोलापूरमार्गे सास्तूरला गेलो. अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. पाऊस थांबत नव्हता. उमरग्याहून पुढे संध्याकाळची मुक्कामी एसटी असायची. रात्री गावात थांबायची आणि पहाटे परतायची. भूकंपानंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लोकांना केवढा धीर आला! तिने गेलेल्या माणसाला रात्र गावातच काढावी लागे. त्या रात्री ऐकलं ते दिवसा कुणी सांगितलं नसतं. दिवसा माणसं रांगेत उभी असायची आणि रांगेत उभा माणूस फक्त काय मिळालं नाही ते सांगतो. अंधार पडल्यावर पत्र्याच्या शेडसमोर चूल विझत आली की बायका हळूहळू बोलायला लागायच्या. "आमच्याच माळवदानं आमाला खाल्लं गं माय," असं एक आजी म्हणाली होती. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा जड थर. पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात गारवा देणारं ते छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं. दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड घालणं मागे पडलं होतं, म्हणून हादऱ्यासरशी भिंती उकलल्या. पण हे इंजिनिअरांनी कितीही समजावलं तरी पुढे कित्येक वर्षं त्या भागात दगडी घरात झोपायला लोक राजी नव्हते.

काही जुने हिशेब इथेच चुकते करते. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, पावसात भिजून कुजत होते. शहरांनी घरं साफ करून नको असलेलं ट्रकमध्ये भरलं होतं. शेतात राबणाऱ्या बायकांना पार्टीचे झगे पाठवणारे लोक परत जाऊन सांगत, "त्यांना किंमतच नाही, आयतं खायची सवय लागली." हे वाक्य मी पुण्यात इतक्या घरांत, इतक्या शिकलेल्या तोंडांतून ऐकलं की आजही आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. ज्या माणसाने चार लेकरं एका खड्ड्यात पुरली तो दोन महिने पारावर नुसता बसून राहिला, तर त्याला आळशी म्हणायचं?

दुसरा हिशेब घरांचा आहे. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि घराचं माप जमिनीवरून काढलं गेलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून जास्त जमीन असेल त्याला ७५०. भूकंपाने पाटलाचा वाडा आणि मजुराचं खोपट एकाच पहाटे सपाट केलं होतं. सरकारने कागदावर दोघांमधलं अंतर पुन्हा मोजून आखून दिलं. जागतिक बँकेच्या साहेबांना ते रास्त वाटलं, आपल्याकडच्या पुढाऱ्यांना तर अगदीच सोयीचं. शिवाय नव्या गावांची आखणी सरळ रेषांत झाली, रस्ते रुंद, घरं लांब लांब. गल्ली गेली, ओटा गेला, आणि एका ओट्यावर बसून निवडणं-टिपणं करत चार घरांच्या सुना एकमेकींशी बोलायच्या तेही गेलं.

मला उस्मानाबाद शहर दिसलं ते या घरांच्या पायी. नुकसानीच्या यादीत ज्यांचं नाव राहिलं त्यांचे अर्ज घेऊन जिल्हा कचेरीत खेटे घालायचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडे आलं. साहेब दौऱ्यावर असत, साहेब मीटिंगमध्ये असत, "उद्या या" हे उत्तर ठरलेलं. रोज उमरग्याला परत जाणं परवडत नव्हतं, म्हणून शहरात एका कुटुंबाकडे खोली घेतली. पुढच्या प्रत्येक सुट्टीत आणि नंतर पदवी मिळवून इथेच कामाला आले तेव्हाही तीच खोली होती. घरच्या काकूंनी पहिल्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी वाढली आणि घरी कोण कोण असतं याची सविस्तर चौकशी केली. पुण्यात माझ्या वाड्यात नव्या भाडेकरूला इतकं कुणी विचारत नसे.

साहेबांची वाट बघण्यात जे तास जात ते मी पायी फिरण्यात घालवू लागले. भोगावती तेव्हाही बहुतेक वेळा कोरडीच. ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या दर्ग्याभोवतीच्या गल्ल्यांतून दख्खनी कानावर पडायची. हा सगळा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे मी शाळेत दोन ओळींत शिकले होते. इथे ते अजून ताजं होतं. एका घरात रझाकारांच्या भीतीने गाव सोडल्याच्या आठवणी, शेजारच्याच घरात पोलीस ॲक्शननंतर सोसलेल्याच्या. दोन्ही घरांतल्या बायका एकाच नळावर पाणी भरत. धारासुरमर्दिनीच्या देवळात नवरात्रात काकूंबरोबर गेले. हातलाईच्या टेकडीवरून संध्याकाळी सगळं शहर एका नजरेत मावायचं, इतकं ते लहान होतं.

एका रविवारी घरातल्या मुलीबरोबर धाराशिव लेणी बघायला गेले. बालाघाटाच्या कुशीत, दरीच्या तोंडाशी, दीड हजार वर्षांकडे झुकणारी लेणी. आतल्या अंधारात पार्श्वनाथाची मूर्ती आणि बाहेर शेळ्या चारणारी पोरं. मुनी कनकामरांनी 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची कथा सांगितली आहे. आमच्याबरोबर फक्त शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे होते. आणखी एकदा तेरला गेलो. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी गर्दी होती. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात मात्र आम्ही दोघीच. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं तगर ते हेच गाव. तिथे सापडलेल्या छोट्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी मूर्ती पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली आहे. हजारो कोसांवरच्या, अचानक गाडल्या गेलेल्या गावाशी या मातीचं असं नातं निघावं, याने मी त्या काळात फार हलले होते, कारण मी सास्तूरहून आले होते.

हे फिरणं कामात उपयोगी पडलं, म्हणूनच इतकं सांगते आहे. जिल्ह्याला इतिहास आहे, स्वाभिमान आहे हे पायांना कळल्यावर मी अर्जदाराला 'बिचारा' म्हणणं सोडलं. कारकुनाचं गाव कुठलं आणि त्याच्या गावात यंदा तूर कशी आहे हे विचारलं की फाइल सापडायची. काकूंच्या ओळखीने एका वकिलांनी विधवांचे अर्ज फुकट लिहून दिले. शहराशी ओळख नसती तर त्या बायकांची नावं यादीत चढलीच नसती.

भूकंपानंतरच्या दहा वर्षांत या जिल्ह्यात मी जे काम पाहिलं तसं पुन्हा पाहिलं नाही. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना 'भारत वैद्य' म्हणून तयार करत होती. सरकारची आशा योजना २००५ नंतरची. इथे त्याआधीच कुंकू लावलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया रक्तदाब मोजत होत्या. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासूनच होतं. आणि प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात महिला मंडळांच्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. ज्यांनी कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या आता गवंड्याला विचारत होत्या, "आरपार दगड कुठंय? दाव मला."

नंतरची वर्षं भरभर सांगून टाकते. बार्शी लाइटची ती लुटुलुटु चालणारी अरुंद गाडी गेली, मोठी रेल्वे आली आणि शहराला एकदाचं स्टेशन मिळालं. २०१८ साली नीती आयोगाने जिल्हा 'आकांक्षित' ठरवला आणि मोठ्या शहरांतली तरुण मुलं लॅपटॉप घेऊन आकडे भरायला येऊ लागली; ती हॉटेलात उतरतात. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं. काकू गेल्या, खोलीच्या जागी आता दुकानाचा गाळा आहे. कित्येक गावांची मुक्कामी गाडीही बंद झाली आहे, चालक-वाहकांच्या झोपण्याची सोय नाही, प्रवासी नाहीत अशी कारणं मिळतात.

पण संवाद सहायक अजून आहेत, आणि त्यांच्यामुळेच या पुराच्या वेळी माझा जीव जास्त तुटला. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिथे गेल्या होत्या. गुजराती येत नव्हती, ज्वारी मिळत नव्हती. तरीही त्या तिथल्या बायकांबरोबर बसल्या आणि घराचा पाया कसा तपासायचा, मदतीचा हिशेब कसा मागायचा हे सांगत राहिल्या. मदत घेणारी माणसं आठ वर्षांत मदत करायला निघाली, हे माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं काम. याच जिल्ह्यात, हाकेच्या अंतरावर पूर आला तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघींना ना कचेरीने विचारलं, ना गाड्या भरभरून आलेल्या एकाही संस्थेने.

त्यांतली एक आता साठीच्या पुढे आहे. ती कुणाच्या बोलावण्याची वाट बघत बसली नाही. एसटी बदलत बदलत परंडा तालुक्यात भाचीच्या गावी पोचली आणि तिथे राहिली. धान्याची पाकिटं पुरेशी आली होती, असं ती सांगते. अडचण वेगळीच होती. पुराने शेतातली माती खरडून नेली होती, पंचनामे चालू होते, आणि भरपाई सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच. गावातल्या ज्या बायकांचे नवरे गेलेत त्यांच्या शेतावर अजून मेलेल्या नवऱ्याचं किंवा सासऱ्याचंच नाव. वारस नोंद कुणी केलेलीच नाही. हिने भाचीच्या पडवीत बसून अशा बायकांची यादी केली, मृत्यूचे दाखले गोळा करायला लावले आणि सगळ्यांना घेऊन तलाठ्याकडे गेली. फोनवर मला म्हणाली, "पुण्याची लेकरं आली होती म्हणं. दोन दिस राहिली असती तर अर्ज तरी लिहिले असते. माझ्या हाताला आता लिवणं होत न्हाई."