डास परजीवीला कसा मारतो?

वाराणसीभोवतीच्या गावांत डास किती, यापेक्षा कोणते, हे पाहणे महत्त्वाचे. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणाऱ्या ‘ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज’चे ५ भाऊबंद प्रकार आहेत: ए, बी, सी, डी, ई. पूर्व उत्तर प्रदेशातही आढळणारा बी तेवढा दुबळा वाहक. बीची मादी बहुतांशी गुरांचे रक्त पिते, म्हणून ती निरुपद्रवी, असे कोणी म्हणेल. कारण खरे, पण अपुरे. प्रयोगशाळेत मलेरियाच्या परजीवीने संसर्गित रक्त पाजले तरी तिच्यात परजीवी फारसा तगत नाही; बीच्या एका वाणात तर व्हायवॅक्स परजीवीभोवती मेलॅनिनचे काळे कवच चढलेले दिसले. डासांना प्रतिपिंडे नसतात; परजीवीशी ते इतर मार्गांनी लढतात. उदाहरणार्थ, आफ्रिकेतील ‘ॲनॉफिलीस गॅम्बी’त टीईपी-१ हे प्रथिन आतड्याची भिंत ओलांडणाऱ्या परजीवीला चिकटते आणि त्याचा नाश घडवते. गावात कोणता डास आहे, हे ओळखणे मात्र सोपे नाही: क्युलिसिफेसीजचे पाचही प्रकार दिसायला सारखेच. वेगळेपण कळते ते गुणसूत्रांवरून.