पोहोचलात, पण दार कुठे?
लोकसहभागातून घडणाऱ्या नकाशावरची चुकीची ठिकाणे कशी दुरुस्त करावीत

मोबाइलमधले ॲप ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणते, आणि समोर असते रुग्णालयाची मागची भिंत, कॉलेजचे कायम कुलूपबंद फाटक, नाहीतर ज्या गडावर जायचे त्याचा तुटलेला कडा. सगळा प्रवास बरोबर झालेला असतो, फसलेले असतात ते शेवटचे शंभर-दोनशे मीटर. कंपनीच्या मालकीच्या नकाशात अशी चूक दिसली की सूचना पाठवून वाट पाहावी लागते. ओपनस्ट्रीटमॅपवर मात्र ती आपली आपल्याला सुधारता येते.

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात खाते उघडून कोणालाही नकाशा संपादित करता येतो. त्यातली माहिती ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही ॲप वापरतात. मेटा, ॲमेझॉन, ॲपल या कंपन्याही आपापल्या कामासाठी ती घेतात. त्यामुळे इथे केलेली एक दुरुस्ती अनेकांच्या फोनपर्यंत जाते. म्हणूनच ती जपून करायला हवी. आधी चुकीचे मूळ शोधायचे आणि मग जमिनीवर जे आहे तेच नकाशात मांडायचे, एवढा नियम पाळला तरी बहुतेक चुका दूर होतात.

ॲपला ठिकाण कसे कळते

आपण नाव टाइप केले की ॲप आधी त्या नावाची नोंद शोधते आणि तिचे अक्षांश-रेखांश घेते. नोंद एका बिंदूची असेल तर तोच बिंदू; इमारतीची किंवा आवाराची आकृती असेल तर साधारणपणे तिचा मध्य. मग त्या बिंदूला सर्वांत जवळचा रस्ता शोधला जातो आणि तिथपर्यंतचा मार्ग आखला जातो.

गोची या ‘सर्वांत जवळच्या’ रस्त्यात आहे. हे अंतर सरळ रेषेत मोजले जाते. मध्ये कुंपण, नाला, लोकलचे रूळ किंवा दरी असली तरी या टप्प्यावर ती विचारात घेतली जात नाही. रुळांच्या पूर्वेला असलेल्या दवाखान्याला पश्चिमेचा रस्ता चार मीटरने जवळ असेल, तर गाडी पश्चिमेला जाऊन थांबते. द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या कारखान्याचा पत्ता टाकला, तर जिथे थांबायलाच मनाई आहे अशा मार्गावर प्रवास संपतो. दोन्ही उदाहरणांत बिंदू अगदी योग्य जागी असू शकतो.

आधी निदान

संपादनाला हात घालण्यापूर्वी ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ती जागा उघडा, नोंदीचा इतिहास पाहा आणि तिथपर्यंतचा मार्ग काढून बघा. चूक बहुधा पुढीलपैकी एका प्रकारात बसते.

- नावाचा घोळ: वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ ही एकट्या पुणे जिल्ह्यातली तीन ठिकाणे. नोंदीत नुसते ‘वडगाव’ असेल तर शोध भलतीकडे नेतो.
- जागा बदलली: बँकेची शाखा किंवा दवाखाना दुसरीकडे गेला, पण नोंद जुन्या जागीच राहिली.
- बिंदू सरकला: अक्षांश-रेखांश चुकीचे भरले गेले किंवा अंदाजाने टाकले गेले.
- प्रवेशाची माहिती नाही: इमारत आहे, पण गेट आणि आतला रस्ता नकाशावर नाही.
- रस्त्याचा सांधा तुटलेला: दोन रस्ते पडद्यावर चिकटलेले दिसतात, पण त्यांना सामाईक बिंदू नाही. ॲपच्या लेखी तिथून वाट नाही.
- फोनमधला नकाशा जुना: मूळ नकाशा केव्हाच सुधारला आहे, फक्त ॲपमधली प्रत मागची आहे. इथे संपादनाची गरजच नसते.

अंकांत होणाऱ्या चुका

बिंदू फार दूर पडला असेल तर आधी अंक तपासा. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल सर्रास होते. पुण्याचे स्थान साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असे आहे. हेच अंक उलटे भरले तर बिंदू थेट समुद्रात, नॉर्वेच्या बेअर बेटाच्या दक्षिणेला जाऊन पडतो. ही चूक निदान लगेच लक्षात येते. अंश-मिनिटे आणि दशांश यांची सरमिसळ अधिक फसवी असते. १८ अंश ३१ मिनिटे म्हणजे दशांशात १८.५१७. कोणी ते १८.३१ असे लिहिले, तर बिंदू सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि तरीही तो पुणे जिल्ह्यातच दिसत राहतो.

दशांशाची घरे किती, हेही पाहा. तीन घरांवर थांबलेल्या आकड्यात एका पायरीचे अंतर सुमारे ११० मीटर असते, चार घरांवर ११ मीटर, पाच घरांवर जेमतेम १ मीटर. दुकानासाठी किंवा गेटसाठी पाच घरे हवीत. अर्थात पाच घरे लिहिली म्हणून मोजणी तेवढी अचूक ठरत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते. जुन्या पेठांमधल्या बोळांत आणि उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आदळून येतो आणि चूक वाढते. अशा वेळी उपग्रहचित्र, आजूबाजूच्या इमारती आणि प्रत्यक्ष पाहणी यांचा मेळ घाला. उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेले असू शकते, विशेषतः डोंगराळ भागात. म्हणून एकट्या चित्रावर विसंबून आधीच्या सगळ्या इमारती हलवू नका.

मोठ्या आवारांची दुरुस्ती

रुग्णालये, विद्यापीठे, बाजार समित्या, कारखाने आणि गृहसंकुले यांच्याबाबत सर्वाधिक फसगत होते आणि उपायही इथेच सर्वाधिक गुणकारी ठरतात. काम या क्रमाने करावे.

१. आवाराची हद्द वेगळी काढा आणि आतल्या इमारती वेगळ्या. ‘अपघात विभाग’, ‘बाह्यरुग्ण विभाग’ यांना स्वतःची नोंद द्या. रुग्णाला आवाराच्या मध्यावर नेऊन उपयोग नसतो.

२. प्रत्येक गेट जिथे आहे तिथे, रस्त्याच्या रेषेवरच नोंदवा. कायम बंद असलेल्या गेटला ‘प्रवेश नाही’ अशी नोंद द्या. गेट फक्त पायी जाणाऱ्यांसाठी असेल तर तसे लिहा.

३. गेटपासून इमारतीपर्यंतचा आतला रस्ता काढा आणि तो बाहेरच्या रस्त्याला सामाईक बिंदूने जोडा. सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. आतला रस्ता नकाशावर आला की इमारतीला सर्वांत जवळचा रस्ता तोच ठरतो आणि मार्ग आपोआप योग्य गेटमधून जातो.

४. इमारतीच्या कडेवर मुख्य दाराचा बिंदू ठेवा. काही ॲप दाराची नोंद वाचतात, काही वाचत नाहीत. गेट आणि आतला रस्ता मात्र जवळजवळ सगळीच वाचतात.

५. आतला रस्ता खासगी असेल, एकेरी असेल, तर तेही नोंदवा.

संगणकावर हे काम आयडी या संपादकात ब्राउझरमधूनच होते. जागेवर उभे राहून दुकाने आणि दारे नोंदवायची असतील तर एव्हरी डोअर हे ॲप सोयीचे आहे.

गूगलने २०१३ साली विकत घेतलेल्या वेझ या ॲपचा नकाशाही स्वयंसेवकच सुधारतात. तिथे एखाद्या ठिकाणाला गाडी थांबण्याचा वेगळा बिंदू जोडता येतो. ओपनस्ट्रीटमॅपची रीत निराळी आहे: थांबा ठरवून द्यायचा नाही, भोवतालचे वास्तव पूर्ण मांडायचे आणि मार्ग काढण्याचे काम ॲपवर सोपवायचे.

गडांच्या बाबतीत

हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटा तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या गावांतून निघतात: अहिल्यानगर जिल्ह्यातले पाचनई, पुणे जिल्ह्यातले खिरेश्वर आणि ठाणे जिल्ह्यातले बेलपाडा. बेलपाड्याची नळीची वाट अतिशय अवघड आहे. गडाच्या बिंदूला सरळ रेषेत जवळचा रस्ता कोणता, एवढ्यावर गाडीचा मार्ग ठरला तर नवखा माणूस नको त्या पायथ्याशी पोहोचू शकतो, आणि तिथून दुसऱ्या पायथ्याला जायचे तर डोंगराला मोठा वळसा पडतो.

म्हणून गडाचा बिंदू खाली ओढून आणू नये. गड गडाच्या जागीच ठेवावा. पायथ्याचे गाव, पार्किंगची जागा आणि तिथून वर जाणारी पायवाट यांची नोंद करावी. पायवाट किती कठीण आहे तेही लिहावे. मग गाडीसाठी पार्किंग आणि चालण्यासाठी पायवाट, असे दोन टप्पे ॲपवर नीट आखता येतात.

नावे जपून बदला

पुष्कळदा ठिकाण बरोबर असते, पण शोधात सापडत नाही, आणि मग कोणीतरी तेच दुसऱ्यांदा टाकते. नवी नोंद करण्यापूर्वी जुनी आहे का पाहा. मराठी नाव, प्रचलित दुसरे नाव आणि जुने नाव यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर यांची जुनी नावे ‘जुने नाव’ या रकान्यात राहिली, तर जुन्या पत्त्यावरून शोधणारी व्यक्तीही योग्य शहरातच पोहोचते. खुर्द-बुद्रुक कधीही गाळू नका. त्या शब्दांवरच गाव ओळखले जाते.

काय करू नये

- आपल्या ॲपवर मार्ग नीट दिसावा म्हणून इमारतीचा बिंदू रस्त्यावर आणून ठेवू नका. एका ॲपची सोय होईल, बाकी सगळ्यांसाठी नकाशा खोटा होईल.
- वाहने भलतीकडे वळावीत म्हणून नसलेला रस्ता काढू नका, असलेला पुसू नका.
- गूगल मॅप्स किंवा दुसऱ्या कोणत्याही मालकीच्या नकाशातून माहिती उतरवू नका. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून खुल्या डेटाबेस परवान्याखाली दिली जाते. दुसऱ्याच्या हक्काची सामग्री तिच्यात मिसळली तर सगळ्यांच्या कामाला धोका पोहोचतो. संपादकातच दिलेली उपग्रहचित्रे वापरायला परवानगी असते.
- घरात राहणाऱ्यांची नावे किंवा खासगी फोन नंबर टाकू नका.

जतन करताना आणि त्यानंतर

एका वेळी एकाच भागातले, एकाच हेतूचे बदल जतन करा. सोबतची टीप नेमकी असू द्या. ‘सुधारणा’ एवढ्याने काही कळत नाही. ‘पूर्वेचे गेट आणि आतला रस्ता जोडला, प्रत्यक्ष पाहून’ अशी टीप वाचून पुढच्या माणसाला पडताळणी करता येते. कोणाला बदल पटला नाही तर त्याच टिपेखाली चर्चा होते आणि गरज पडल्यास तो मागे घेता येतो. स्वतः संपादन करायचे नसेल, तर नकाशावर त्या जागी नोट ठेवा आणि दार कोणत्या बाजूला आहे, कोणते गेट बंद असते, हे तिच्यात स्पष्ट लिहा.

बदल मूळ नकाशात लगेच जातो. ॲपमध्ये तो केव्हा दिसेल हे त्या ॲपच्या पुढच्या अद्ययावत प्रतीवर अवलंबून असते. ऑफलाइन नकाशांना काही आठवडे लागू शकतात. तोवर पुन्हा पुन्हा संपादन करू नका. नवी प्रत आली की दोन वेगवेगळ्या दिशांनी मार्ग काढून पाहा. एका बाजूने बरोबर निघालेला मार्ग दुसरीकडून येताना तुटक रस्त्यावर अडू शकतो.

२०१० च्या जानेवारीत हैतीतल्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा पाहता पाहता तयार केला आणि बचावपथकांनी तो वापरला. पण ऐनवेळी असा नकाशा तयार होईलच असे नाही. घाईच्या वेळी तो उपयोगी पडायचा असेल तर आधीपासून खरा असावा लागतो. आपल्या गावातल्या दवाखान्याचे रात्री उघडे असणारे गेट कोणते, हे तिथे राहणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. ते नकाशावर आणण्याची सुरुवात त्यानेच करायला हवी.