पॅनल ठीक आहे, बिनसलंय ते केबलीत

डोंबिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ऑफिसातून निघालेला जुना मॉनिटर त्यांनी घरी आणला. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झचे ७५ केले आणि पडदा काळा झाला. मधोमध ‘आउट ऑफ रेंज’ एवढीच चौकट. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, पॅनल गेलं. नवा मॉनिटर घ्यावा का?

अजिबात घेऊ नका. ती चौकट स्वच्छ वाचता येते ना? मग पॅनल ठणठणीत आहे. कारण ती चौकट संगणक पाठवत नाही, मॉनिटरमधली चिपच ती रंगवते. आलेला सिग्नल तिने मोजला, तो आवाक्याबाहेरचा निघाला आणि तिने तो दाखवायला नकार दिला, इतकंच झालंय.

आधी उपाय सांगतो. रिफ्रेश रेट बदलला की विंडोज ‘बदल ठेवायचा का’ असं विचारतं, आणि उत्तर मिळालं नाही तर १५ सेकंदांनी जुनं सेटिंग आपोआप परत आणतं. म्हणून पडदा काळा झाला की माऊस-कीबोर्डला हात न लावता थांबायचं. बदल कायम होऊन बसला असेल तर घरचा टीव्ही एचडीएमआयने सोबत जोडा, चित्र तिकडे घ्या, आणि डिस्प्ले सेटिंगमधून त्या मॉनिटरचा रेट पुन्हा ६० करा. टीव्ही नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसू लागताच पॉवर बटण दाबून ठेवून संगणक बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो, आणि तो मॉनिटरला झेपेल अशा साध्या मोडमध्ये येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट करा आणि ३ दाबा. तिसरा पर्याय कमी रिझोल्यूशनचा आहे, आणि तो अशाच प्रसंगासाठी ठेवलेला आहे.

पण जो रेट मॉनिटरला झेपत नाही, तो यादीत आलाच कसा? १९९४ पासून मॉनिटर आपली माहिती स्वतः सांगत आले आहेत. ‘व्हेसा’ या संघटनेने ठरवून दिलेला १२८ बाइट्सचा एक तक्ता मॉनिटरमधल्या चिमुकल्या मेमरीत असतो. ईडीआयडी हे त्याचं नाव. कंपनी कोणती, रिझोल्यूशन किती, रेट कोणते, सगळं त्यात असतं. संगणक तो वाचतो आणि न झेपणारे पर्याय लपवतो. ही बोलणी केबलमधूनच चालतात. जुन्या व्हीजीए केबलचं टोक हातात घेऊन पाहा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी आहेत. तक्ता जातो तो १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांतून, म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या आणि पाचव्या. यातली एखादी वाकली असेल, किंवा स्वस्तातल्या केबलमध्ये त्या तारा ओढलेल्याच नसतील, तर संगणकाला तक्ता मिळत नाही आणि तो अंदाजाने यादी पुढे करतो. (मधल्या ओळीतली एक पिन अनेक केबलींत मुळातच नसते. तो बिघाड नव्हे.) मधला कन्व्हर्टर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये जबरदस्तीने घातलेला ‘कस्टम’ रेट, हीसुद्धा नेहमीची कारणं.

हर्ट्झ वाढवल्यावर नेमकं काय अवघड होतं, हे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला लोकलवरून चटकन कळेल. बाराऐवजी १५ डब्यांच्या गाड्या सोडल्या, वर तासाला जास्त गाड्याही सोडल्या, तर भार या दोन्हींच्या गुणाकाराने वाढतो. डबे म्हणजे पिक्सेल, गाड्या म्हणजे हर्ट्झ आणि रूळ म्हणजे केबल. शिवाय सीएसएमटीला गाडी लागली की लगेच उलट निघत नाही. मोटरमन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत फलाट अडून राहतो. चित्राच्या सिग्नलमध्येही असा रिकामा वेळ राखलेला असतो. जुन्या पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपल्यावर मागे यायचा, त्यासाठी ठेवलेला. ट्यूब गेली, पण ती सवड राहिली. म्हणून १९२० गुणिले १०८० चं चित्र प्रत्यक्षात २२०० गुणिले ११२५ एवढी जागा खातं. याला ६० ने गुणा, सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल होतात. ७५ ने गुणा, १८ कोटी ५६ लाखांच्या वर जातात. सिंगल लिंक डीव्हीआयची आणि पहिल्या एचडीएमआयची मर्यादा होती १६ कोटी ५० लाख! सवड कमी करून थोडं भागवता येतं, पण जुन्या मॉनिटरला तेही झेपेलच असं नाही.

मग डोळ्याला किती हर्ट्झ पुरतात? इथे मला टी. सी. पोर्टर यांचं नाव घ्यायचंच आहे, कारण ते फारसं कुणी घेत नाही. इंग्लंडच्या ईटन शाळेतले हे विज्ञानशिक्षक. अर्धी काळी, अर्धी पांढरी चकती फिरवायची, तिच्यावरचा प्रकाश कमी-जास्त करायचा आणि लुकलुक कोणत्या वेगाला थांबते ते टिपायचं, असा त्यांचा प्रयोग. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं की प्रकाश दहापट झाला की लुकलुक थांबायला सुमारे १२ हर्ट्झ जास्त लागतात. पुन्हा दहापट, पुन्हा तेवढेच. अमेरिकेच्या फेरी यांनी १८९२ मध्ये याच दिशेने काम केलं होतं, म्हणून हा फेरी-पोर्टर नियम. दहावीच्या विज्ञानात आवर्त सारणीपाशी भेटणारा हेन्री मोझली हा याच पोर्टरांचा विद्यार्थी. शिष्य पाठ्यपुस्तकात पोचला, गुरुजी मात्र बाहेरच राहिले, याची मला खरोखर खंत वाटते. सिनेमाची २४ चित्रं प्रत्येकी दोनदा दाखवली की सेकंदाला ४८ झोत होतात. ठाण्याच्या वंदना टॉकीजसारख्या थिएटरच्या अंधारात ते पुरत. भर उजेडातल्या ऑफिसात मात्र ६० हर्ट्झचा ट्यूबवाला मॉनिटरही डोळ्यांना टोचायचा. या दोन्हींचं कारण पोर्टरांच्या एका नियमात मिळतं.

वेगाने होणारी लुकलुक डोळ्याला सलग दिसते, याचा पडताळा डोंबिवली स्टेशनवर घेता येतो. एलईडी इंडिकेटरचा भर दुपारी मोबाइलने फोटो काढा, कितीतरी वेळा गाडीचं नाव अर्धवट येतं. त्या दिव्यांच्या ओळी एकदम पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात. डोळा त्या जोडून घेतो. कॅमेऱ्याचं शटर भरपूर उजेडात इतक्या कमी वेळ उघडतं की सगळ्या ओळींची पाळी येतच नाही.

आताच्या एलसीडीत पिक्सेल पुढचं चित्र येईपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे ६० हर्ट्झलाही ती जुनी लुकलुक नाही. हिशेब लिहिणं, अभ्यास, व्हिडिओ यांना ६० भरपूर झाले. वेगवान खेळात जास्त हर्ट्झचा फायदा खरा आहे, पण जाहिरातीतला आकडा वाढतो तसा तो वाढत नाही. ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९. म्हणजे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचले. १४४ वरून २४० वर गेलात तर वाचतात तीनहून कमी. ६० वरून ७५ वर गेल्यास साडेतीनही नाहीत, आणि तेवढ्यासाठी जुन्या मॉनिटरवर जबरदस्ती करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.