देवगिरीचा मंद्र आणि बेस गिटारचे पहिले धडे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना दौलताबादचा जो दुर्ग दूरवरून दृष्टीस पडतो, त्या दुर्गाच्या, म्हणजे यादवांच्या देवगिरीच्या दरबारात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा सिंघणाच्या पदरी राज्याचे हिशेबी दफ्तर सांभाळणारा शार्ङ्गदेव नावाचा एक पंडित होता. त्याचे आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. आणि त्याने सात अध्यायांत रचलेला ‘संगीतरत्नाकर’ हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींच्या अभ्यासकांना आजही प्रमाणग्रंथ वाटतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, व प्रत्येक पुढले स्थान मागल्याच्या दुप्पट. या शहरातील जो तरुण, किंवा जी पन्नाशीची गृहिणी, बेस गिटार शिकू इच्छिते, तिने आपण काही परकी विद्या उसनी आणत आहोत असा संकोच बाळगू नये, असे मला मनापासून वाटते. कारण या वाद्याचा सारा व्यवहार त्या पहिल्या स्थानाशी, मंद्राशी आहे.

साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा. शार्ङ्गदेवाने सांगितलेला दुपटीचा हिशेब येथे तंतोतंत जुळतो. इतका खालचा स्वर मिळवायचा तर तार लांब हवी आणि जडही हवी, म्हणून तारेच्या गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते आणि तिची मोकळी लांबी प्रायः ३४ इंच राखलेली असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम पूर्वी माणसाहून उंच असा डबल बेस करीत असे. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात गिटारसारखा आडवा धरायचा, पडदे असलेला विजेवरचा बेस बनवला खरा, परंतु तो रुजला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी आपला ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला तेव्हापासून मात्र हे वाद्य जगभर पसरले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ यांनी आणि अनेक ध्वनिमुद्रणांत चरणजित सिंग यांनी ते वाजवले. आज मुंबईची मोहिनी डे या वाद्यावर आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून आहे.

चार तारांची जुळणी अशी असते की प्रत्येक पातळ तार ही मागल्या जाड तारेचा शुद्ध मध्यम असते. ही एक गोष्ट ज्याला उमगली त्याला अर्धे वाद्य वश झाले असे म्हणण्यास हरकत नाही. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवून त्या स्वराला षड्ज माना. शेजारच्या तारेवर तोच तिसरा पडदा म्हणजे मध्यम, त्याच तारेवर दोन पडदे पुढे सरकले की पंचम, आणि त्या पंचमाच्या थेट पलीकडच्या तारेवर, त्याच पाचव्या पडद्याशी, वरचा षड्ज सापडतो. ही आकृती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर नेली तरी नाते तेच राहते. पट्टी बदलल्याने हार्मोनिअमवर बोटांची जी नवी मांडणी करावी लागते, तिचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. ज्याच्या कानावर तंबोऱ्याचा पंचम आणि खर्ज लहानपणापासून पडला आहे, त्याने स्वरांची इंग्रजी अक्षरे सावकाश शिकावीत. आरंभ सा-म-पा-ने करावा.

हातांचे शिक्षण मात्र धीराचे आहे. वाद्याचे वजन चार किलोच्या आसपास, आणि पहिल्याच पडद्याची रुंदी जवळजवळ दोन इंच; तेव्हा चार बोटांनी चार पडदे व्यापण्याचा अट्टाहास नवशिक्याने धरला तर मनगट दुखावते. डबल बेसचे वादक तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेच्या आधाराने करंगळी अशा रीतीने लागोपाठची तीनच स्वरस्थाने व्यापत आले, आणि खालच्या पडद्यांवर तीच तजवीज उत्तम. बोट पडद्याच्या धातूवर न ठेवता त्याच्या किंचित मागे दाबावे. उजव्या हाताचा अंगठा टेकवून तर्जनी व मध्यमा आळीपाळीने चालवावी, आणि तार छेडलेले बोट शेजारच्या जाड तारेवर विसावू द्यावे, म्हणजे तीही तार आपोआप मूक राहते. नको असलेल्या तारा गप्प ठेवणे हा या वाद्याच्या कलेचा अर्धा भाग आहे. शिक्षक तो अव्वल दर्जाचा समजावा, जो पहिल्या दिवसापासून यावर नजर ठेवतो.

मराठवाड्याच्या हवेविषयी एक सूचना येथे नमूद करतो. वैशाखातील कोरड्या उन्हात आणि श्रावणातील दमट हवेत लाकडी मान कमीअधिक वाकते व तारा एकदम उंच किंवा खरखरीत वाटू लागतात. अशा वेळी वाद्य सदोष ठरवून टाकू नये. मानेच्या पोटात पोलादी ट्रस रॉड असतो. जाणकाराकडून तो किंचित फिरवून घेतला की काम भागते. दुसरी सूचना श्रवणाची. सर्वांत खालच्या स्वराची ध्वनिलहर सुमारे आठ मीटर लांब असते, आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर ती उत्पन्न करूच शकत नाही. गाण्यातील बेस ऐकायचा तर बरे हेडफोन हवेत, अन्यथा विद्यार्थी जे शिकायचे तेच ऐकत नाही.

कान तयार करण्याची शाळा तर या शहराच्या रस्त्यावरच भरते. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीनिमित्त, भडकल गेटपाशी, आणि १४ जानेवारीला, १९९४ च्या नामविस्ताराच्या स्मरणार्थ, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर जी भीमगीते गायली जातात, ती ऐकताना गायकाकडून लक्ष काढून ढोलकीच्या घुमाऱ्याकडे न्यावे, आणि त्याखालचा खर्ज शोधावा. अशा वाद्यवृंदांत तो पुष्कळदा किबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे सोपवलेला असतो. मग घरी येऊन तबल्याच्या यंत्रावर केहरवा ताल लावावा. ‘धा गे ना ति, न क धि ना’ या आठ मात्रांत डग्गा ‘धा’ आणि ‘गे’वर खुला घुमतो, ‘ति’पासून मिटतो आणि ‘धि’वर पुन्हा उघडतो. नवशिक्याने ‘धा’वर षड्ज छेडावा, ‘ति’वर बोट सैल करून तो पूर्ण थांबवावा, आणि ‘धि’वर पंचम द्यावा, एवढेच, संथ लयीत, लय न ढळू देता, दीर्घकाळ. हे साधल्यावर दादरा घ्यावा, त्यातील दोन्ही ‘धां’ना अनुक्रमे षड्ज व पंचम द्यावा, आणि त्यानंतर यंत्राचा ठेका बंद करून शेजारपाजारच्या एखाद्या तबलजीला किंवा ढोलकीवाल्याला चहाला बोलवावे.